ड्रम ब्रेक घरी उघडावेत की नाही?

पानेवाला
ज्याला जॅक आणि स्टँड नीट लावता येतात, त्याने मागचे ड्रम (चाकाबरोबर फिरणारी गोल भांडी, ज्यांच्या आत ब्रेक असतो) स्वतः उघडून साफ करावेत, असं माझं ठाम मत आहे. कारण एकच. हँडब्रेक ढिला झाला की अनेक ठिकाणी ड्रम न उघडताच केबल ताणून देतात. लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) झिजलेत, अॅडजस्टर (झिजलेले लायनर ड्रमजवळ ठेवणारा आट्यांचा दांडा) गंजून अडकलाय, तिकडे कुणी पाहत नाही. केबल जास्त ताणली की आतला लिव्हर पूर्ण मागे येत नाही, मग बऱ्याच गाड्यांत सेल्फ-अॅडजस्टर, म्हणजे अॅडजस्टर आपोआप लांब करणारी व्यवस्था, कामच करत नाही. पेडल खोल जातं ते जातंच.

सावधगाडी
निदान बरोबर आहे, पण उपाय पटला नाही. ब्रेकमधली चूक लगेच दिसत नाही. डाव्या-उजव्या अॅडजस्टरचे आटे बहुधा उलटे असतात. ते अदलाबदल झाले तर पहिल्या दिवशी पेडल ठीक लागतं, पण पुढे अॅडजस्टर लांब व्हायच्या ऐवजी आखूड होत जातो. रोज हेच काम करणाऱ्याच्या हाताला ते कळतं. दोन वर्षांतून एकदा ड्रम उघडणाऱ्याला कसं कळणार?

पानेवाला
म्हणूनच एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी बाजू जशीच्या तशी असते, कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात हे तिथे बघता येतं. शिवाय उघडताच फोटो काढायचे.

मागचं_चाक
ड्रम निघतच नसेल तर? हातोड्याने ठोकून कंटाळा आला.

पानेवाला
ठोकणं थांबवा. हँडब्रेक पूर्ण सोडलाय ना? झिजलेल्या ड्रमच्या आतल्या कडेला ओठासारखा उंचवटा तयार होतो आणि लायनर त्यात अडकतात. मागच्या प्लेटवर रबरी बूच असेल तर ते काढून अॅडजस्टर ढिला करा. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यात बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, ड्रम सरळ बाहेर येतो. आणि हँडब्रेक सोडलेला असल्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण (ठोकळे) लावल्याशिवाय जॅकला हातही लावू नका.

धूळनको
धुळीबद्दल कुणीच बोललं नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. कॉम्प्रेसरची एअर मारू नका, कोरडा ब्रशही नको. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसा, मास्क घाला. गॅरेजमध्ये सर्रास एअर मारतात, या एका बाबतीत घरचं काम जास्त चांगलं होऊ शकतं.

सावधगाडी
हे मान्य. पण व्हील सिलेंडरचं (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा भाग) रबर जरा उचलून बघा. आत ओलं दिसलं तर सिलेंडर बदलायचा, मग ब्रेक ऑइल भरणं आणि त्यात अडकलेली एअर काढणं आलं. माझ्या मते घरच्या कामाची हद्द तिथे संपते. लायनरला ऑइल लागलं असेल तर तेही गेले, आणि बदलायचे ते दोन्ही चाकांचे. ड्रम काढलेला असताना पेडल चुकून जरी दाबलं, तरी सिलेंडरमधला पिस्टन बाहेर येतो. घरात गाडीभोवती मुलं असतात, हेही लक्षात घ्या.

पानेवाला
ऑइलच्या कामाबद्दल मी वाद घालणार नाही. पण साफसफाई, अॅडजस्टरचे आटे मोकळे करणं, प्लेटवर लायनर जिथे घासतात तिथे उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी पुसट लावणं, ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाशी आतला व्यास ताडून बघणं, ही कामं चिकाटीची आहेत. चिकाटी मालकाकडे जास्त असते.

सावधगाडी
आणि जोडल्यावर दोन्ही चाकं सारखी धरतात की नाही, हे कशावर बघणार? हाताने फिरवून घासण्याचा आवाज ऐकलात, तरी ब्रेकचा जोर कळत नाही. तो रोलरच्या मशीनवरच कळतो.

पानेवाला
मग जोडून झाल्यावर मशीनवर तपासून घ्या, ते मी स्वतःही करतो. त्यासाठी ड्रम दुसऱ्याच्या हातात द्यायची गरज नाही.

मागचं_चाक
बोल्टने ड्रम आला! दुसऱ्या गाडीत मात्र बेअरिंग ड्रममध्येच आहे, मधला मोठा नट काढावा लागेल.

सावधगाडी
तो नट ठोकून लॉक केलेला असेल तर परत वापरू नका, नवा आणा, आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या मोजलेल्या जोरालाच) आवळा. टॉर्क रेंच नसेल तर ती गाडी उघडू नका.