लेहचं पोस्टिंग: बिऱ्हाड पहिल्याच वर्षी वर न्यावं का?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

खाडीकाठ

लष्करी डॉक्टरला लेहचा आदेश आला की कोकणातल्या घरी पहिला विषय निघतो तो बिऱ्हाडाचा. चर्चा हवेत राहू नये म्हणून एक घर डोळ्यांसमोर धरू. घर रत्नागिरीजवळ, डॉक्टर आर्मी मेडिकल कोअरमध्ये मेजर, पत्नी हायस्कुलात शिक्षिका. मुलगा सात वर्षांचा, मराठी माध्यमात दुसरीत. मुलगी दहा महिन्यांची. आईवडील सत्तरीचे. हजर व्हायचं ऑक्टोबरात, मुदत साधारण दोन वर्षं.

माझं मत: पहिला हिवाळा डॉक्टरने एकट्याने काढावा. लेहची उंची सुमारे ३५०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी. दिल्लीहून विमान सव्वा तासात तिथे उतरवतं, म्हणजे शरीराला जुळवून घ्यायला वाटेत काहीच वेळ नाही. लष्कराची शिस्त म्हणूनच ठरलेली आहे. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस: पहिले दोन पूर्ण विश्रांती, पुढचे दोन सपाटीवर थोडं चालणं, शेवटचे दोन चढासकट चालणं. त्यावर १५ हजारांपर्यंत आणखी चार दिवस, त्याहून वर पुन्हा चार. जवानाला हे हुकमाने पाळायला लावता येतं. सात वर्षांच्या मुलाला दोन दिवस अंथरुणात कोण ठेवणार?

दुसरं असं की आदेशावर लेह लिहिलं म्हणून डॉक्टर लेहमध्येच राहील असं नाही. पुढच्या ठाण्यावर डिटॅचमेंट, म्हणजे तात्पुरती नेमणूक लागली की तो आठवडेच्या आठवडे खाली येत नाही, आणि तिथे कुटुंबाला परवानगी नसतेच. मग उणे पंधरा अंशांत बुखारी (खोली तापवायची शेगडी), गोठलेला नळ आणि तान्हं मूल एकटी आई सांभाळणार. त्यापेक्षा घर बरं.

कातळसडा

खाडीकाठ, हवामानाबद्दलचं सगळं खरं, पण निष्कर्ष चुकतोय. तुमची भीती ऑक्टोबरची आहे, लेहची नाही. ऑक्टोबरात बिऱ्हाड नेणं सर्वांत वाईट, कारण शरीर रुळेपर्यंत थंडी कडक होते आणि घर लावायला वेळच उरत नाही. डॉक्टरने ऑक्टोबरात जावं, क्वार्टर ताब्यात घ्यावं, हिवाळ्यात ते कसं वागतं ते पाहावं आणि मे महिन्यात घरच्यांना न्यावं. तोवर मुलाची दुसरी इथे पुरी होते. केंद्रीय विद्यालयात बदलीच्या नोकरीवाल्यांच्या मुलांना प्राधान्य असतं. माध्यम बदलतं हे खरं, पण हिंदीची लिपी देवनागरीच. सहा महिन्यांत मूल रुळतं.

मे ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत लेहला, आणि शाळांच्या लांब हिवाळी सुट्टीत, म्हणजे फेब्रुवारी अखेरीपर्यंत, कोकणात. या हिशोबात कोकणचा पावसाळाही टळतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, लेहमध्ये शंभरच्या आसपास. दमट हवेत ज्याची छाती सतत भरते त्या मुलाला हा फरक लहान नाही. फक्त नाक कोरडं पडून रक्त येतं. रात्री नाकात व्हॅसलिन आणि खोलीत पाण्याचं पातेलं ठेवायचं.

आणि कृपा करून लेहला सियाचीन समजू नका. अधिकाऱ्यांचा सियाचीन भत्ता सातव्या वेतन आयोगानंतर महिना ४२,५०० झाला, तो लेहच्या इस्पितळात बसणाऱ्याला मिळत नाही, कारण तिथली परिस्थिती तशी नाही. लेहला लष्कराचं जनरल हॉस्पिटल आहे, शहराचं सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय आहे, २०१९पासून वीज राष्ट्रीय ग्रिडची आहे.

भरतीओहोटी

दोघेही 'कुटुंब' हा एकच शब्द वापरताय, तिथेच गडबड होते. सात वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांची मुलगी या वैद्यकीयदृष्ट्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलाचं तुलनेने सोपं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, दर किलोला अडीच मिलिग्रॅम, बारा तासांनी, एका वेळी १२५ मिलिग्रॅमच्या वर नाही. उड्डाणाच्या आदल्या दिवशी सुरू. सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का हे आधी विचारायचं आणि पहिला डोस घरीच देऊन बघायचा, विमानतळावर नाही. त्याला डोकं दुखतं हे सांगता येतं. तो सांगेल तो दिवस विश्रांतीचा. दुखणं वाढलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर ऑक्सिजन आणि खाली उतरणं. उद्या बघू म्हणायचं नाही.

मुलीला सांगता येत नाही. तिची लक्षणं म्हणजे दूध न पिणं, किरकिर, झोप मोडणं, आणि हीच लक्षणं दात येताना, सर्दीत, प्रवासाच्या शिणातही दिसतात. आईबाप डॉक्टर असले तरी फसतात. सर्दी-खोकला चालू असताना वर नेलं तर हॅपोचा, म्हणजे फुफ्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो. ती अपुऱ्या दिवसांची असेल, हृदयात मर्मर (ठोक्यांमध्ये जादा आवाज) असेल, तर इकोशिवाय, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीशिवाय, विषयच काढू नये. सगळं चांगलं असलं तरी एक गोष्ट उरते. सखल भागातून येऊन तिबेटातल्या ल्हासात राहिलेल्या कुटुंबांतल्या बाळांमध्ये फुफ्फुसातला रक्तदाब वाढून उजवं हृदय थकण्याचा आजार नोंदला गेला आहे. तो चार दिवसांच्या सहलीत होत नाही, आठवडे-महिने उंचीवर राहिल्याने होतो. लेहची उंची ल्हासाच्या फार खाली नाही.

कातळसडा, तुमच्या वेळापत्रकात आणखी एक खड्डा आहे. डिसेंबरात खाली आणि मार्चला वर, म्हणजे दरवर्षी अ‍ॅक्लमटायझेशन (उंचीला जुळवून घेणं) पहिल्यापासून. चार आठवड्यांहून जास्त खाली राहिलं की शरीर नवख्यासारखंच धरायचं. दहा दिवस ते चार आठवडे असेल तर चार दिवसांचा छोटा क्रम. गणपतीला तीन आठवडे घरी येऊन परत गेलं तरी तो छोटा क्रम लागतोच, आणि नेमका तोच कोणी पाळत नाही, कारण 'आपण तिथलेच' असं वाटतं. उंचीवर राहून खाली गेलेल्या आणि परतलेल्या मुलांमध्ये हॅपो होतो. परतल्यावर शाळेत पहिल्या दिवशी पाठवायचं नाही.

कातळसडा

गणपतीचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण मग विमानाऐवजी रस्ता घ्या. मे महिन्यात श्रीनगर-लेह रस्त्यावरचा जोजिला घाट खुला असतो. श्रीनगर १६०० मीटरच्या खाली, तिथे दोन रात्री, पुढे कारगिल २७०० मीटरच्या आत, तिथे एक किंवा दोन रात्री, मग लेह. वाटेत फोटू ला हा घाट ४१०० मीटरचा आहे, पण तो ओलांडायचा असतो, तिथे झोपायचं नसतं. झोपायची उंची महत्त्वाची. उलट मनाली मार्गे सरचूला ४२०० मीटरच्या वर रात्र पडते. अटल बोगद्याने २०२० पासून रोहतांग टळला, सरचू टळलं नाही. तो मार्ग मुलांना घेऊन पहिल्यांदा नकोच.

उंबरठा

इतक्या वैद्यकात एक माणूस हरवलाय. ती शिक्षिका आहे. दोन वर्षं बिनपगारी रजा मिळेल का, परत आल्यावर सेवाज्येष्ठतेचं काय, हे संस्थेकडून लेखी आल्याशिवाय 'मे महिन्यात नेऊ' हे वाक्य अर्धंच आहे. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, म्हणजे अर्ज फेब्रुवारी-मार्चला आत गेलेला हवा.

खाडीकाठ, तुम्ही 'घर बरं' म्हणता तेही तपासून घ्या. घरी सत्तरीचे दोघं आणि दहा महिन्यांची एक, पावसात दिवसचे दिवस वीज नाही, आणि मुंबईचं नौदलाचं अश्विनी इस्पितळ साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. लष्करी कुटुंब म्हणून हक्काची सेवा कोकणात सहज हाताशी नाही. त्यापेक्षा पुण्याला सेपरेटेड फॅमिली क्वार्टरचा (पोस्टिंगमुळे दूर असलेल्यांच्या कुटुंबासाठीच्या घराचा) अर्ज करावा, तोही आदेश हातात पडल्याच्या आठवड्यात, कारण प्रतीक्षायादी असते. पुण्यात कमांड हॉस्पिटल आहे, मुलाला शाळा आहे, आणि आईवडिलांकडे रात्रीच्या गाडीने जाता येतं. तुमच्या दोन पर्यायांच्या मधला हा तिसरा आहे.

खाडीकाठ

पुण्याचा पर्याय माझ्या पर्यायापेक्षा चांगला, हे स्वीकारतो. आईवडिलांसाठी घरात गडी-बाई आणि जवळचा डॉक्टर ठरवणं मात्र वेगळं राहतं.

पण मे महिन्याबाबत मी अजून अडतो. वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि वीस दिवसांची कॅज्युअल असते. ती नीट तोडून घेतली तर डॉक्टर खाली जास्त वेळा येऊ शकतो. एक धडधाकट माणूस वरखाली करतो, त्यासाठी तिघांना उंचीवर नेण्याची गरज काय?

कातळसडा

रजा मागितली आणि मिळाली असं डोंगरात होत नाही. बर्फात विमान रद्द झालं की तीन दिवस जातात. २०२४च्या जुलैत तर उन्हाने हवा विरळ झाली म्हणून लेहची उड्डाणं रद्द झाली होती. साठ दिवसांतले किती प्रवासात आणि परतल्यावरच्या विश्रांतीत जातात ते मोजा. परत येणाऱ्या डॉक्टरलाही तोच क्रम आहे.

नेणारच असाल तर घराची तयारी सांगतो, कारण मोडतं ते इथेच. कोकणात पावसाळ्याची बेगमी मेमध्ये होते, तिथे हिवाळ्याची सप्टेंबर-ऑक्टोबरात: कांदे, बटाटे, कोबी, गाजर. भाजी विमानाने येते, पण महाग आणि बेभरवशाची. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून उकडा तांदूळ आणि डाळ उघड्या भांड्यात शिजणार नाही. दोन कुकर लागतात, तांदूळ आधी तासभर भिजवायचा आणि शिट्या वाढवायच्या. आंबोळीचं पीठ फुगत नाही, ते घोंगडीत गुंडाळून उबेला ठेवावं लागतं. आमसुलं आणि सुकी मासळी छान टिकते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड आधी करून घ्यायचं. मुलांना गडद चष्मे हवेतच, बर्फावरून ऊन डोळ्यांत येतं.

बुखारीचं सगळ्यात शेवटी लिहितोय, पण महत्त्व सर्वांत जास्त. कोकणातल्या माणसाने बंद खोलीत रॉकेल कधी जाळलेलं नसतं. धुराड्याचा पाइप दर महिन्याला काजळी काढून साफ हवा, सांधे घट्ट हवेत, खिडकी बोटभर उघडी हवी आणि झोपताना बुखारी विझवायची. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सकाळची डोकेदुखी उंचीची की बुखारीची हे कळत नाही, म्हणून मूल कुरकुरलं की आधी त्याला बाहेरच्या हवेत आणायचं.

भरतीओहोटी

तुमचा हा परिच्छेदच मुलीच्या बाबतीत माझी बाजू मांडतो. कुरकुर उंचीची, दातांची की बुखारीची, हे ओळखायला जिथे तीन शक्यता आहेत तिथे मला वय वाढलेलं हवं. मेमध्ये ती सव्वा-दीड वर्षाची होते. बाळांच्या त्या आजाराची जास्त धास्ती पहिल्या वर्षात. म्हणून मे मला ऑक्टोबरपेक्षा बराच मान्य आहे. पण अटी तीन: इको आणि हिमोग्लोबिन आधी, प्रवास रस्त्याने, आणि घरात कोणाला सर्दी असेल तर श्रीनगरातच थांबायचं. पुढचं मूल हवं असा विचार असेल, तर ते ठरवूनच खाली असताना. तिच्या आईने एकत्रित गर्भनिरोधक गोळ्यांबद्दलही आधी बोलून घ्यावं, उंचीवर दीर्घ मुक्कामात रक्त गोठण्याचा धोका विचारात घ्यावा लागतो.

खाडीकाठ

सर्दी असेल तर श्रीनगरला थांबायचं, हे मला पटतं. पण तिथे किती दिवसांचं भाडं, कोण सोबत, हे आधीच ठरलेलं हवं. डॉक्टर स्वतः वरून उतरून आणायला येणार नसेल तर मी अजूनही 'नको' म्हणेन.

उंबरठा

तो येऊ शकेल का हे त्याच्या कमांडिंग ऑफिसरला विचारायचं, आणि ती रजा मेच्या आधी मंजूर करून घ्यायची. नाहीतर क्वार्टर पुण्यातलंच.