शब्दचर्चा : 'बिहोव्ह' कसं वापरायचं?

प्रश्न (शिवाजी पार्क)
वॉर्डातल्या रहिवाशांना वाटायच्या इंग्रजी पत्रकात हे वाक्य आहे : 'वी बिहोव्ह टु प्रोटेक्ट द ओल्ड ट्रीज ऑफ अवर वॉर्ड.' मागच्या बाजूला मराठी मजकूर येणार आहे. शब्दाला वजन आहे, म्हणून तो ठेवावा असं मसुदा लिहिणाऱ्यांचं म्हणणं. वाक्य बरोबर आहे का? स्पेलिंगमध्ये एक 'ओ' की दोन? आणि मराठीत 'बंधनकारक आहे' म्हटलं तर चालेल का?

पार्लेकर
वाक्य चुकलंय, आणि चूक 'वी'मध्ये आहे. आजच्या प्रमाण इंग्रजीत हे क्रियापद माणसाला कर्ता होऊ देत नाही. कर्त्याच्या जागी 'इट', मग क्रियापद, मग ज्याच्याकडून अपेक्षा आहे तो कर्माच्या रूपात, आणि शेवटी 'टु' लावून पुढचं क्रियापद : 'इट बिहोव्ह्ज अस टु प्रोटेक्ट द ओल्ड ट्रीज', म्हणजे जुनी झाडं जपणं आम्हाला उचित आहे. 'वी' नाही, 'अस'. 'ही' नाही, 'हिम'.

मराठी माणसाला ही रचना परकी वाटायचं कारण नाही. 'तुला हे शोभत नाही', 'मला गेलं पाहिजे', 'तिला मळमळतंय' ही वाक्यं आपण दिवसभर बोलतो. यांत माणूस आहे, पण तो कर्ता नाही, 'ला' लावून बाजूला उभा आहे. 'मळमळतंय'मध्ये तर कर्ता शोधूनही सापडत नाही. आपलं व्याकरण अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतं. इंग्रजीला कर्त्याची जागा मोकळी सोडता येत नाही, म्हणून तिथे 'इट' आणून बसवतात. त्या 'इट'ला स्वतःचा अर्थ काही नाही. त्यामुळे वाक्य लिहिण्याआधी मनात 'आम्हाला उचित आहे की...' असं म्हणून पाहावं. 'आम्हाला'चा 'अस' आपोआप होतो. 'आम्ही' असं मनात आलं, की 'वी' होणार आणि वाक्य फसणार.

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ 'गरज असणे' असा होता. गरजेवरून ते 'योग्य असणे, कर्तव्य असणे' इथवर आलं. आपलं 'पाहिजे' बघा. 'मला पाणी पाहिजे' ही गरज, 'मला गेलं पाहिजे' हे कर्तव्य. एकाच शब्दात दोन्ही अजून नांदतायत. मुळात तेही 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप, म्हणजे 'पाहिलं जातं, शोधलं जातं'. म्हणूनच त्यालाही माणूस कर्ता म्हणून चालत नाही.

फोर्टातला अनुवादक
'बंधनकारक' नको, कृपया नको. न्यायनिर्णयांच्या आणि नियमांच्या अनुवादात ही गल्लत नेहमी दिसते आणि तिचे परिणाम होतात. 'बिहोव्ह' कायद्याची सक्ती सांगत नाही. एखाद्याचं पद, वय, ज्ञान किंवा जबाबदारी पाहता त्याने असं वागणं उचित, एवढंच ते सांगतं. न वागल्यास दंड नाही, पण बोल लागतो. मराठीत 'करणे उचित होय', 'पदाला साजेसे होय', 'कर्तव्य ठरते' यांतलं एक घ्यावं. 'भाग आहे' म्हटलं की नाइलाज आला. 'क्रमप्राप्त आहे' म्हणजे ओघाने पुढचं. उचित-अनुचिताशी त्याचा संबंध नाही, तरी शासकीय मराठीत ते सरसकट चिकटवलं जातं.

उलट दिशेची चूक जास्त नुकसान करते. समजा कुणी पत्रात लिहिलं : 'इट बिहोव्ह्ज द कॉर्पोरेशन टु क्लीन द ड्रेन्स.' व्याकरण चोख. पण मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ मध्ये पालिकेने करायचीच अशी कामं दिली आहेत, आणि गटारं बांधणं, राखणं, साफ करणं त्यांत येतं. पालिकेच्या मर्जीवर सोडलेली कामं वेगळी, ती कलम ६३ मध्ये. म्हणजे गटारांसाठी 'बिहोव्ह' लिहून तुम्ही स्वतःच सक्तीचं काम शिष्टाचाराच्या पातळीवर आणलं. तिथे सरळ 'मस्ट' किंवा 'इज बाउंड टु' हवं.

तुमच्या पत्रकातही हा फरक आहे. झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा आहे, आणि परवानगीशिवाय झाड तोडणं हा त्याखाली गुन्हा आहे. तोडू नका हे सांगताना 'मस्ट नॉट'. पावसाळ्याआधी फांद्यांवर लक्ष ठेवणं, उन्हाळ्यात पाणी घालणं, याला 'बिहोव्ह'.

गिरगावकर
स्पेलिंगबद्दल : ब्रिटिश पद्धतीत एक 'ओ', बी-ई-एच-ओ-व्ही-ई, उच्चार 'बिहोव्ह'. अमेरिकन पद्धतीत दोन 'ओ', उच्चार 'बिहूव्ह', 'मूव्ह'शी यमक जुळणारा. पत्रकात 'कलर', 'सेंटर' ब्रिटिश पद्धतीने लिहिले असतील तर इथेही एकच 'ओ'.

अर्थातही थोडा फरक पडतो. अमेरिकेत 'इट वुड बिहूव्ह यू टु रीड द काँट्रॅक्ट' म्हटलं तर बहुतेक वेळा 'वाचलंस तर तुझ्याच हिताचं' असा भाव असतो. हाही अर्थ निराधार नाही. याच कुळातलं जुनं नाम 'बिहूफ', म्हणजे उपयोग, फायदा. जुन्या इंग्रजी खरेदीखतांत 'टु द यूज अँड बिहूफ ऑफ' असं येतं ते हेच. मुंबईत लिहिताना मात्र कर्तव्याचाच अर्थ धरावा, वाचक तोच घेतो.

माहीमची मुद्रितशोधक
प्रुफात वारंवार सापडणाऱ्या चुका सांगते.

'इट इज बिहोव्ह्ड अपॉन अस' : हे 'इन्कम्बंट अपॉन अस'शी ('आमच्यावर कर्तव्य आहे') झालेलं लग्न. 'बिहोव्ह'नंतर 'अपॉन', 'ऑन', 'फॉर' काहीही येत नाही. 'वी आर बिहोव्ह्ड' हा कर्मणी प्रयोगही नाही, आणि 'इट इज बिहोव्हिंग' असं चालू काळाचं रूपही नाही. 'बिहोव्ह्ज', 'बिहोव्ह्ड', 'वुड बिहोव्ह' एवढ्यांवर काम भागतं.

नकार देताना जागा सांभाळा. 'इट बिहोव्ह्ज अस नॉट टु स्पीक' म्हणजे गप्प राहणं हेच उचित. 'इट डझ नॉट बिहोव्ह अस टु स्पीक' म्हणजे बोलणं आपलं काम नव्हे. 'इट इल बिहोव्ह्ज हिम टु कंप्लेन' यात टोचणी आहे : तक्रार करणं त्याला शोभत नाही, कारण दोष त्याचाही आहे. मराठीत याला 'शोभत नाही' हा नेमका शब्द आहे. 'त्याने तक्रार करू नये' लिहिलं तर टोचणी गेली, नुसता उपदेश उरला.

आणखी एक बारीक जागा. 'इट बिहोव्ह्ज हूएव्हर साइन्स द चेक टु रीड द बिल.' इथे कर्म हवं म्हणून 'हूमएव्हर' करायचा मोह होतो. करू नका. तो शब्द 'साइन्स'चा कर्ता आहे, आणि 'बिहोव्ह्ज'चं कर्म ते सगळं उपवाक्य आहे.

'बिहोल्डन'शी गोंधळ टाळा. त्याचा अर्थ उपकारांनी बांधलेला, मिंधा.

पार्लेकर
एक जोड. असं वागणारं हे एकटं क्रियापद नव्हतं. 'लाइक'ही पूर्वी आपल्या 'आवडणे'सारखं चालायचं, आवडणारी गोष्ट कर्ता आणि माणूस बाजूला. पुढे माणूस कर्ता झाला आणि 'आय लाइक' आलं. 'मीथिंक्स'मध्ये जुनी रचना गोठून राहिली आहे : 'मी' म्हणजे 'मला', आणि तिथलं 'थिंक्स' हे विचार करण्याचं नव्हे, 'भासणे' अर्थाचं वेगळं क्रियापद. म्हणजे शब्दशः 'मला वाटतं'. म्हणून 'आय मीथिंक्स' लिहिणं म्हणजे 'मी मला वाटतं' लिहिणं. 'बिहोव्ह' बदललं नाही, आणि त्यामुळेच ते आज जुनं वाटतं.

वजन टिकवायचं तर एका मजकुरात एकदाच वापरा, तेही जिथे खरोखर कर्तव्याची गोष्ट आहे तिथे. सोसायटीच्या नोटिशीत 'इट बिहोव्ह्ज ऑल मेंबर्स टु पे बाय द टेन्थ' असं नको. देखभाल खर्च भरणं उपविधींनी ठरलेलं आहे, तिथे 'मस्ट पे' पुरे. मोठ्या शब्दाने ती नोटीस उगाच रागावल्यासारखी वाटते.

प्रश्न (शिवाजी पार्क)
मग मसुदा असा करते. पहिलं वाक्य : 'नो ट्री मस्ट बी कट विदाउट परमिशन.' दुसरं : 'इट बिहोव्ह्ज अस, हू सिट इन देअर शेड, टु वॉटर देम थ्रू एप्रिल अँड मे.' मागच्या बाजूला : 'परवानगीशिवाय झाड तोडणे हा गुन्हा आहे. ज्यांच्या सावलीत आपण बसतो, त्यांना एप्रिल-मेमध्ये पाणी घालणे आपल्याला उचित आहे.'

फोर्टातला अनुवादक
इंग्रजी बरोबर. 'हू' आधीचा आणि 'शेड'नंतरचा, दोन्ही स्वल्पविराम राहू द्या. नाहीतर सावलीत बसणारे तेवढेच 'आपण' असा अर्थ होईल. मराठीत 'आपल्याला उचित आहे' थोडं अडखळतं. 'पाणी घालणे हे आपले कर्तव्य ठरते' करा, आणि छापा.