रस्त्यावर एकही मृत्यू नको, हे शक्य आहे का? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

मोठे काका: सकाळी एक लेख वाचला. रस्ते अपघातातले मृत्यू शून्यावर आणायचे, हे म्हणे आता कितीतरी देशांचं आणि शहरांचं अधिकृत उद्दिष्ट आहे. मला हे पटलं नाही. माणूस आहे तोवर चुका होणार आणि चुका होणार तोवर अपघात होणार. निम्मे कमी करू म्हणा, समजू शकतो. शून्य ही नुसती घोषणा वाटते. तुम्हा लोकांना काय वाटतं?

दादा: काका, मलाही तसंच वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर गेली. २०१० पासून घट झाली ती फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. या गतीने शून्य कधी येणार?

ताई: दादा, त्याच काळात जगातली वाहनं दुपटीहून जास्त झाली आणि लोकसंख्या जवळपास १०० कोटींनी वाढली. तरी मृत्यू वाढले नाहीत, थोडे घटले, हेही लक्षात घे. पण मी त्या ५ टक्क्यांचं कौतुक करणार नाही. ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण आजही रस्ता हेच आहे.

ताई: काका, "चुका होणार तोवर अपघात होणार" हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. स्वीडनच्या संसदेने ऑक्टोबर १९९७ मध्ये हे धोरण स्वीकारलं तेव्हा त्याचा पायाच हा होता: माणूस चुकणार, हे धरूनच रस्ता बांधा. फक्त त्याच्या पुढचा प्रश्न त्यांनी विचारला. चुकला म्हणून तो मेलाच पाहिजे का? शून्यावर आणायचे आहेत ते मृत्यू, आणि आयुष्यभराचं अधूपण देणाऱ्या दुखापती. गाड्या घासतील, दिवे फुटतील, एखाद्याचा हातही मोडेल. ते होत राहील असं ते धोरणच गृहीत धरतं.

मोठे काका: हा फरक ऐकायला बरा वाटतो. पण गाडी माणसावर आदळली तर तो वाचणार की जाणार, हे कोण ठरवणार?

ताई: बहुतांशी वेग ठरवतो. आणि इथे आपला अंदाज फार चुकतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताशी ३० आणि ताशी ५० यात आपल्याला फारसा फरक जाणवत नाही. पण आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ५० ने बसलेला धक्का म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका. ताशी ३० चा धक्का साडेतीन मीटरवरून पडण्याइतका. पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस बहुतेकदा जगतो. तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्याची खात्री कोणी देणार नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे थांबायला लागणारं अंतर. समोर मूल धावत आलं. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर ३० ने येणारी गाडी साधारण १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० ने येणारी गाडी त्या पहिल्या सेकंदातच १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे जिथे पहिली गाडी थांबून उभी आहे, तिथून दुसरी ब्रेक लागायच्या आधी, पूर्ण वेगात जाते. चालक तोच, त्याची नजर तीच, मुलाची चूकही तीच.

आत्या: अगं, हे चालकाच्या परवान्याच्या परीक्षेत का शिकवत नाहीत? मी इतकी वर्षं गाडी चालवते, १३ आणि १४ मीटरचा हा हिशोब मला कोणी सांगितला नव्हता.

वहिनी: ताई, मग काय सगळीकडे ३० ने जायचं? लांबच्या प्रवासाला दिवस पुरायचा नाही.

ताई: नाही वहिनी. हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो योग्यच आहे. या धोरणाचा नियम असा आहे: जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकाच जागेत आहेत तिथे ३०. जिथे गाडीच्या कुशीत दुसरी गाडी घुसू शकते, म्हणजे साधे चौक, तिथे ५०. जिथे मध्ये दुभाजक नाही आणि समोरासमोर धडक होऊ शकते तिथे ७०. याहून जोरात जायचं असेल तर आधी तशी धडक होणारच नाही अशी सोय करा, मग खुशाल जा. वेगाला विरोध नाही. रस्ता तयार नसताना दिलेल्या वेगाला विरोध आहे.

दादा: दुभाजक बांधायला केवढा खर्च येतो. प्रत्येक रस्ता चौपदरी कोण करणार?

ताई: म्हणूनच मला स्वीडनचा पुढचा भाग सगळ्यात आवडतो. त्यांच्याकडे साधारण १३ मीटर रुंदीचे दुपदरी रस्ते होते, दोन्ही कडांना मोकळी पट्टी. लोक मधूनच ओव्हरटेक करायचे आणि समोरासमोर धडका व्हायच्या. चौपदरीकरणाला पैसे नव्हते. मग १९९८ पासून त्यांनी त्याच रुंदीत तीन मार्गिका आखल्या आणि मध्ये पोलादी तारांचा कठडा उभा केला. काही किलोमीटर एका बाजूला दोन मार्गिका, पुढचे काही किलोमीटर दुसऱ्या बाजूला. ओव्हरटेक करायचं तर आपल्या बाजूला जादा मार्गिका येईपर्यंत थांबा, समोरच्याच्या वाटेत शिरायला जागाच नाही.

सुरुवातीला विरोध बराच झाला. मोटारसायकलस्वारांना तारांची भीती वाटत होती. लोक म्हणाले, गाड्या रोज त्या कठड्याला धडकतील. आणि खरोखरच धडकू लागल्या. कठडा दुरुस्त करण्याचं काम सतत चालू असतं. पण अशा रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले. धडका होत राहिल्या, माणसं मात्र घरी गेली. काका, तुम्ही विचारलेल्या फरकाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मोठे काका: हे वाचून बरं वाटलं. पण मग स्वीडनमध्ये शून्य झाले का, ते सांग. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली.

ताई: नाही झाले. १९९७ मध्ये तिथे ५४१ मृत्यू होते. २००७ पर्यंत निम्मे करायचे ठरले होते, ते जमलं नाही, तेव्हाही ४७० च्या आसपास होते. २०२० मध्ये २०४ पर्यंत आले आणि नंतरच्या वर्षांत पुन्हा थोडे वर गेले. शेजारच्या नॉर्वेत १९७० मध्ये ५६० होते, २०२० मध्ये ९३. अख्ख्या देशाचा विचार केला तर लाखो वाहनं असलेल्या कुठल्याही मोठ्या देशाने अजून शून्य गाठलेलं नाही.

मोठे काका: म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं.

ताई: देशापुरतं आजच्या तारखेला, हो. पण शहरांकडे पाहा. हेलसिंकीत जुलै २०२४ नंतर सलग एक वर्ष रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. जवळजवळ सात लाख वस्तीचं राजधानीचं शहर आहे ते. १९८० च्या दशकात तिथे वर्षाला ३० च्या आसपास माणसं जात होती. आज तिथल्या निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे. ऑस्लोत २०१९ मध्ये अख्ख्या वर्षात एकच मृत्यू झाला, तोही कुंपणाला धडकलेल्या मोटारचालकाचा. पायी चालणारा, सायकलवाला किंवा लहान मूल, यांपैकी एकही नाही.

दादा: ताई, ही सगळी श्रीमंत, लहान, शिस्तीची शहरं आहेत. लॉस एंजेलिसचं बघ. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०२५ पर्यंत शून्य. तेव्हा मृत्यू दोनशेच्या आत होते, नंतर तीनशेच्या वर गेले. पैसा तिथेही होता.

ताई: अगदी बरोबर. हे उदाहरण तू काढलंस ते बरं केलंस, कारण काकांचा "नुसती घोषणा" हा शब्द तिथे चपखल बसतो. फलक लागले, मोहिमा झाल्या, पण शहरातले रुंद, सरळ, वेगाला मोकळीक देणारे रस्ते बहुतेक तसेच राहिले. उद्दिष्ट बदललं, रस्ता बदलला नाही. उलट न्यू यॉर्कच्या समोर, नदीपलीकडे होबोकन नावाचं साठेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथे २०१७ पासून पुढे कित्येक वर्षं एकही मृत्यू झाला नाही. त्यांचा मुख्य उपाय ऐकायला किरकोळ वाटेल: चौकाच्या कोपऱ्याला लागून गाडी लावायची नाही. कोपरा मोकळा असला की चालकाला पादचारी दिसतो आणि पादचाऱ्याला गाडी दिसते.

शिस्तीबद्दल मात्र मला ठामपणे वेगळं वाटतं. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं. तीच माणसं, तोच स्वभाव. मग मुलं गमावलेले आईबाप आणि इतर नागरिक रस्त्यावर उतरले, सरकारवर दबाव आला आणि पुढच्या काही दशकांत रस्त्यांची रचना पालटली. २०२४ मध्ये तिथला वर्षाचा एकूण आकडा सातशेच्या आत होता. शिस्त पुष्कळदा रस्त्यानेच लावलेली असते.

आत्या: चारशे मुलं. एका वर्षात.

भाची: चालकाशिवायच्या गाड्या आल्या की हा प्रश्न सुटेल ना?

ताई: थोडा सुटेल, पण त्याची वाट बघत बसायचं कारण नाही. रस्त्यावर मरणाऱ्यांमध्ये निम्म्याहून जास्त पायी चालणारे, सायकलवाले आणि दुचाकीवाले आहेत. त्यांच्याभोवती गाडीचा सांगाडाच नाही. आणि दहापैकी नऊ मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. तिथे पदपथ, दुभाजक, हेल्मेट आणि चौकातला कमी वेग यांनी होणारं काम आधी आहे. दुचाकी जिथे जास्त, तिथे शून्य खूप लांब आहे, हे मी लपवणार नाही. हेल्मेटने मृत्यूचा धोका साधारण ४० टक्क्यांनी घटतो. उरलेला धोका उरतोच.

मोठे काका: आता माझा शेवटचा आणि खरा आक्षेप. मी आयुष्यभर हिशोब पाहिले. शेवटचे काही मृत्यू टाळायला अफाट खर्च येईल. तेवढ्या पैशात दवाखाने चालवले तर जास्त जीव वाचतील. मग शून्याचा हट्ट धरून आपण उलट माणसं मारत नाही का?

ताई: काका, नेमका हाच प्रश्न रूने एल्विक या नॉर्वेच्या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडला होता, आणि ते स्वतः रस्ता सुरक्षेतले मोठे अभ्यासक आहेत. मला तो आक्षेप खरा वाटतो. शेवटचा एक मृत्यू टाळण्यासाठी काहीही खर्च करा, असं मी म्हणणार नाही. पण त्या शेवटच्या टप्प्याच्या जवळपास अजून जवळजवळ कोणीच पोहोचलेलं नाही. आज जे करायचं बाकी आहे ते रंग, खांब, कठडे, उंचवटे, आणि वेग. वेग कमी करायला पैसा फारसा लागत नाही. वेळ द्यावा लागतो, दोन-तीन मिनिटं. आपण नाही म्हणतो ते बहुतेकदा त्या मिनिटांसाठी.

आणि "निम्मे करू" या उद्दिष्टात एक खोट आहे. निम्मे करायचे असले की जिथे जास्त माणसं मरतात तेवढे रस्ते निवडले जातात. आडवाटेच्या ज्या फाट्यावर चार वर्षांतून एक जण जातो, तो फाटा यादीत कधीच येत नाही. तो मृत्यू आधीच हिशोबात सोडून दिलेला असतो. शून्य म्हटलं की त्या एका मृत्यूचीही चौकशी करावी लागते. स्वीडनचं वाहतूक प्रशासन प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र तपासणी करतं. चूक कोणाची एवढ्यावर न थांबता, रस्त्यात काय असतं तर हा माणूस वाचला असता, असं विचारतं.

विमानांत आपण हेच गृहीत धरतो. अमेरिकेच्या प्रवासी विमान कंपन्यांना २००९ नंतर नऊ वर्षं एकही जीवघेणा अपघात झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळ विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकून ६७ जण गेले. तेव्हा कोणी म्हटलं नाही की वर्षाला थोडे चालायचेच. रस्त्याबद्दल मात्र आपण ते सहज म्हणतो.

वहिनी: चालवताना हृदयविकाराचा झटका आला किंवा कोणी मुद्दाम गाडीखाली आलं, तर तेही शून्यात धरायचं का?

ताई: बहुतेक देशांत अपघातानंतर ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो रस्ते अपघातातला मृत्यू मानतात. स्वीडनने २०१० पासून आत्महत्या वेगळ्या मोजायला सुरुवात केली. स्वाभाविक आजाराने गेलेला माणूसही त्यात येत नाही. पण झटका आलेल्या चालकाची गाडी पदपथावर चढून दुसऱ्याला लागली, तर ते रस्त्याचंच अपयश आहे.

ताई: काका, माझं मत स्पष्ट सांगते. एखाद्या मोठ्या देशात वर्षानुवर्षं सलग शून्य राहील, हे मी माझ्या हयातीत पाहीन असं मला वाटत नाही. पण दुभाजक असलेल्या रस्त्यावर समोरासमोर धडकेत शून्य, शाळेच्या आसपास शून्य, ३० च्या भागात पायी चालणाऱ्यांचे शून्य, हे आज होऊ शकतं, आणि काही ठिकाणी वर्षभर झालेलंही आहे. असे तुकडे जोडत जायचे.

मोठे काका: तुकड्यांचं पटलं. देशाचं अजून नाही पटलं, आणि ते मी उगाच पटलं म्हणणार नाही. त्या तीन मार्गिकांच्या रस्त्याचा एखादा आराखडा असेल तर पाठव. मध्येच दुसरी मार्गिका संपते तिथे गाड्या एकत्र कशा येतात, ते मला नीट कळलं नाही.

ताई: बरोबर जागी बोट ठेवलंत, अवघड भाग तोच आहे. तिथे आधी लांबवर खुणा आणि फलक असतात आणि मार्गिका हळूहळू निमुळती होत जाते. आराखडा शोधून संध्याकाळी टाकते.