मदत हवी आहे: गौरीजेवणातलं उरलेलं रात्री चौघांत कसं संपवू?

हिरवी मिरची:
काल गौरी जेवल्या. उरलंय ते असं: घट्ट साधं वरण 2 वाट्या, कटाची आमटी 1 वाटी, पुरण दीड वाटी, बटाट्याची सुकी भाजी 1 वाटी, दह्यातली काकडीची कोशिंबीर थोडी आणि साधा भात 3 वाट्या. वरण, आमटी, पुरण, भाजी आणि कोशिंबीर जेवणं झाल्या झाल्या फ्रीजमध्ये गेली. भात मात्र रात्रभर ओट्यावरच झाकून राहिला. जेवायला चौघं, त्यातला एक पाच वर्षांचा. आज पुन्हा चार पातेली चढवायची नाहीत. वरणफळं डोक्यात आहेत, पण मागच्या वेळी सगळा गोळा झाला होता. काय चुकतं?

कढीलिंब:
आधी भात टाकून द्या. वास चांगला येत असला तरी. शिजलेल्या भातातही बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू जिवंत राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष फोडणीत कितीही परतलं तरी जात नाही. घरात लहान मूल आहे, तीन वाट्या भातासाठी जोखीम नको. पुढच्या वेळी उरलेला भात परातीत पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. मग त्याचा फोडणीचा भात खुशाल करा. कोशिंबिरीला पाणी सुटलं असेल, तिचाही मोह सोडा.

पळीपंचपात्र:
वरणफळंच करा, एका पातेल्यात जेवण होतं. तुमच्याकडे कटाची आमटी आहे हे तर उत्तमच, चिंचगूळ-गोडा मसाला आयताच मिळतो.

दीड वाटी कणीक, पाव चमचा हळद, अर्धा चमचा ओवा, मीठ, 2 चमचे तेल. पुरीला भिजवतो तशी घट्ट भिजवा, पोळीसारखी सैल नको. वीस मिनिटं झाकून ठेवा. तोवर पातेल्यात 2 चमचे तेलावर मोहरी, जिरं, हिंग, कढीलिंब आणि 5-6 ठेचलेल्या लसूण पाकळ्या. नैवेद्याच्या स्वयंपाकात लसूण नव्हता, आज घालायला काय हरकत! त्यावर वरण, आमटी आणि 4 वाट्या गरम पाणी. फ्रीजमधलं वरण थिजून वडीसारखं झालेलं असतं, ते आधी पळीने मोडून घ्या, नाहीतर गुठळ्या तळाशी बसून करपतात. मीठ शेवटी, चव बघूनच. दोन्हींत आधीचं आहे.

आता गोळा का होतो ते. एक, पाणी कमी. सुरुवातीला आमटी पातळ पाण्यासारखी दिसली पाहिजे, कारण कणीक शिजताना ती दाट होतेच. दोन, उकळी नसताना फळं सोडली. खळखळा उकळत असेल तर फळ बाहेरून लगेच शिजतं आणि शेजारच्याला चिकटत नाही. तीन, शंकरपाळ्यांसारखी कापून ढीग करून ठेवली आणि तो ढीगच ओतला. पोळीपेक्षा जराशी जाड लाटा, कापा, ताटात सुटी पसरा आणि चार-पाच चार-पाच करत सोडा. मध्यम आचेवर 10-12 मिनिटं, अधूनमधून तळापासून हलक्या हाताने ढवळा. एक फळ मोडून बघा, मध्ये पांढरी कच्ची रेघ दिसली तर अजून दोन मिनिटं.

हिरवी मिरची:
वा, ढीगच ओतला होता! बटाट्याची भाजी यातच घालू का? आणि पुरणाचं काय? पोळ्या लाटायचा उत्साह नाही.

पळीपंचपात्र:
भाजी यात नको, बटाटा विरघळून सगळं पिठूळ होतं. ती उद्या डब्याला: भाजी हाताने पूर्ण कुस्करा, त्यात दीड वाटी भाजणी मिसळा आणि मगच लागेल तसं पाणी. बटाट्याची फोड राहिली की थालीपीठ थापताना तिथेच फाटतं.

कढीलिंब:
पुरणाची खीर करा, दहा मिनिटांचं काम. 1 वाटी पुरण अर्धी वाटी पाण्यात मोडून एक उकळी काढा आणि गॅस बंद करा. पूर्ण कोमट झालं की आधी तापवून निववलेलं 2 वाट्या दूध घाला. दूध घातल्यावर उकळू नका, गुळाने नासतं. बहुतेकांची खीर इथेच फाटते. नारळाचं दूध असेल तर आणखी छान लागते, पण तेही उकळायचं नाही. वेलची-जायफळ पुरणात असेलच. उरलेलं अर्धी वाटी पुरण घट्ट डब्यात फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहील.

हिरवी मिरची:
कणीक भिजवली. पण आमटी जरा तिखट आहे, पोरगा खाईल का?

पळीपंचपात्र:
मग आमटी आत्ता घालू नका. नुसत्या वरणात 4 ऐवजी 5 वाट्या पाणी घेऊन फळं शिजवा, त्याचं त्याला साजूक तूप घालून काढून द्या, मग उरलेल्यात आमटी ओतून एक उकळी. लगेच वाढा, ताटकळली तर पुन्हा दाट होतात. झालीच तर अर्धी वाटी उकळतं पाणी.