खंडव्याला कधी जायचे?

काकाजी (अकोट): सर्वांना नमस्कार. मुलांना मुंबईला नेऊन नटनट्यांचे बंगले दाखवावेत, असा प्रस्ताव काल या ग्रुपवर आला. त्याला माझा विरोध आहे. फाटक आणि पहारेकरी पाहून मुले परत येतील. त्यापेक्षा सातपुडा ओलांडून खंडव्याला जावे, असे मला वाटते. ४ ऑगस्ट १९२९ रोजी तेथे जन्मलेले आभासकुमार गांगुली पुढे किशोरकुमार झाले, आणि १३ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्याच इच्छेनुसार अंत्यसंस्कार खंडव्याला करण्यात आले. तेथे त्यांची समाधी आहे. जन्मदिवशी किंवा पुण्यतिथीलाच तेथे जावे, असे मी सुचवतो.

पुतणी (नागपूर): काकाजी, सूचना आवडली, परंतु बॉम्बे बाजारातले गांगुलींचे घर मोडकळीस आलेले आहे आणि ते धोकादायक असल्याची नोटीसही महापालिकेने काही वर्षांपूर्वी दिली होती. तेथे संग्रहालय असेल अशा समजुतीने मुलांना नेले, तर त्यांचा हिरमोड होईल.

काकाजी (अकोट): संग्रहालय आहे असे मी म्हटलेले नाही, आणि मुलांनाही तसे सांगू नये. घर रस्त्यावरूनच पाहायचे आहे. वडील कुंजलाल हे वकील; थोरला मुलगा अशोककुमार आधी मुंबईला गेला आणि पाठोपाठ धाकटा. त्या थोरल्या भावाचा वाढदिवसही १३ ऑक्टोबरलाच असे, ही गोष्ट मला कधी विसरता आली नाही. आई गौरीदेवी आणि वडील कुंजलाल यांच्या नावांवरून खंडव्याच्या सभागृहाला ‘गौरी कुंज’ म्हणतात. जुहूच्या बंगल्याचेही नाव तेच, आणि त्याच्या एका भागात आता हॉटेल आहे. म्हणजे मुंबईला गेलो असतो, तर जेवणाचे बिल तेवढे पाहायला मिळाले असते!

माझ्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. १९७६ च्या मे महिन्यात आकाशवाणीवरून किशोरकुमारांची गाणी बंद झाली, कारण आणीबाणीत युवक काँग्रेसच्या मुंबईतील कार्यक्रमात गाण्यास त्यांनी नकार दिला होता. आमच्या बाबूजींचा रेडिओ ओट्यावर लागत असे. किशोरकुमारांचा आवाज ऐकू का येत नाही, हे आम्हा पोरांना कोणी सांगितले नाही. आम्हाला वाटले, रेडिओच बिघडला.

मामाजी (अकोला): अकोल्याहून अकोटमार्गे खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी सुरू असती, तर हा प्रवासच सहल झाला असता. धूळघाटात रूळ स्वतःलाच वळसा घालून वरून जात, ते पाहण्यासाठी आम्ही खिडकीवरून भांडत असू. २०१७ पासून ती गाडी बंद आहे. अकोट ते अकोला ब्रॉडगेज २०२२ मध्ये सुरू झाले, पण पुढचा मार्ग मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून न्यायचा की बाहेरून, या वादात रखडला. आता अकोल्याहून भुसावळमार्गे जावे. किशोरकुमार याच अकोटच्या गाडीने मुंबईला गेले, असे एक पाहुणे लग्नात सांगत होते; ते खरे नव्हे. हा मार्ग स्वातंत्र्यानंतरचा आहे, आणि त्यांचे खंडवा स्टेशन मुंबईच्या मुख्य लाईनवर आधीपासूनच होते.

मोठे भाऊ (वावरातून): १३ ऑक्टोबरला मला जमणार नाही. त्या दिवसांत सोयाबीन सोंगणीला आलेले असते, मजूर मिळत नाहीत आणि थ्रेशरचा नंबर चुकला तर माल पावसात सापडतो. ४ ऑगस्टला घाटात मुसळधार पाऊस असतो. काकाजींनी दोन्ही तारखा शेतकऱ्याला न विचारता सुचवल्या आहेत.

काकाजी (अकोट): तारखा मी नाही, किशोरकुमारांनीच निवडल्या! मात्र त्या दोन्ही दिवशी समाधीवर चाहते जमतात, गाणी म्हणतात आणि दूध-जिलेबी वाटतात, कारण खंडव्यात राहून दूध-जिलेबी खाण्याची त्यांची इच्छा सर्वांना ठाऊक आहे. ते पाहायचे, तर तोच दिवस हवा.

वहिनी: काकाजी, सोयाबीनसाठी यांनी घरी थांबावे, आणि १३ ऑक्टोबरला आपण मुलांना घेऊन जावे. जेवणाचा डबा मी यांच्यासाठी करून ठेवीन. फक्त अकोल्याहून सकाळची गाडी कोणती मिळते, ते मामाजींनी पाहून कळवावे.

मोठे भाऊ (वावरातून): मान्य आहे. येताना जिलेबी आणावी.