थरोगुड हाऊस: विटांच्या घराचे वय कसे ठरवतात?

प्रश्न (दूरदेशी):
अमेरिकेतील व्हर्जिनिया बीच येथे लिनहेवन नदीजवळ थरोगुड हाऊस हे दीड मजली, लहानसे विटांचे घर आहे. ते १६३६ च्या सुमाराचे, सतराव्या शतकातील तिथला जमीनदार ॲडम थरोगुड याने खुद्द बांधलेले, असे दीर्घकाळ मानले जाई; आता मात्र साधारण १७१९ सांगतात. भिंती त्याच असताना ऐंशीहून अधिक वर्षांचा हा फरक कशावरून काढला असेल?

तुळई:
विटांवरून नव्हे, लाकडावरून. वीट नुसती पाहून तिचे नेमके वर्ष कळत नाही, शिवाय पडक्या घराच्या विटा नव्या भिंतीत सहज जात. तुळया आणि वासे मात्र झाडाच्या वाढीची वर्तुळे जपून ठेवतात. चांगल्या पावसाच्या वर्षी ती रुंद, अवर्षणात अरुंद. हा क्रम त्या प्रदेशातील ज्ञात क्रमाशी जुळवतात. सालीलगतचे शेवटचे वर्तुळ शाबूत असेल तरच तोडणीचे वर्ष मिळते. ते तासले गेले असल्यास ‘याआधीचे नाही’ एवढेच म्हणता येते. लाकूड बहुधा ओलेच वापरीत, त्यामुळे तोडणी आणि बांधकाम यांत फारसे अंतर नसे. तुळईवर विनाकारण रिकामी खाच दिसली, तर ती दुसऱ्या घरातून आली असावी अशी शंका घ्यावी.

जुनीवास्तू:
मला १६३६ हे वर्ष आधीपासूनच खटकत असे. ॲडम १६२१ मध्ये करारबद्ध नोकर म्हणून आला आणि पुढे वसाहतीत माणसे आणवल्याबद्दल माणशी ५० एकर जमीन या नियमाने मोठा जमीनदार झाला, हे खरे; पण त्या काळी तिथले सधन लोकही बहुधा जमिनीत खांब रोवून उभारलेल्या लाकडी घरांत राहत. तो १६४० मध्ये वारला. पक्के विटांचे घर पुढच्या पिढ्यांचे असणे अधिक सयुक्तिक वाटते.

चुनेवाला:
प्रत्यक्ष पाहणार असाल तर दर्जांकडे, म्हणजे विटांमधील चुन्याच्या सांध्यांकडे, लक्ष द्या. त्या किनारपट्टीवर चुनखडीची वानवा असल्याने कालवांची शिंपले भाजून चुना करीत, म्हणून जुन्या दर्जांत शिंपल्याचे पांढरे कण आढळतात. आपल्या कोकणातील जुन्या कामांतही तसे दिसतात. भट्टीत जळणाजवळ ठेवलेल्या विटांच्या टोकांवर लाकडाच्या राखेमुळे निळसर काचेरी चकाकी येई, आणि गवंडी अशा विटा मुद्दाम दर्शनी बाजूस लावीत. खिडक्यांवर मात्र विसंबू नका, कारण १९५० च्या दशकातील दुरुस्तीत घराला सतराव्या शतकाचे रूप देण्याचा प्रयत्न झाला होता.