अनुभव धागा: उभी हयात रेडिओत, आणि न विसरलेली एक शांतता

१३ फेब्रुवारी हा जागतिक रेडिओ दिन. १९४६ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांचा रेडिओ सुरू झाला होता. त्या निमित्तानं, ज्यांची सगळी नोकरी स्टुडिओत गेली त्यांना बोलतं करावंसं वाटलं. आवाजाच्या आठवणी सगळेच विचारतात. मला शांततेबद्दल विचारायचंय. दोन-तीन सेकंद आवाज गेला तरी आपला जीव खालीवर होतो. तुमच्या मनात घर करून राहिलेली शांतता कोणती? सविस्तर लिहा.

निवेदिका, ३२ वर्षं
बातमीपत्राची पानं आम्ही कधी टाचत नव्हतो. पान उलटल्याचा आवाज माईक टिपतो, म्हणून सुटी पानं अलगद बाजूला सरकवायची. पहिल्याच वर्षी तिसऱ्या पानानंतर थेट पाचवं हाती आलं. चौथं टेबलाखाली. वाक्य अर्धवट, लाल दिवा लागलेला. काचेपलीकडून सहकारी ‘पुढचं वाच’ अशी खूण करत होता, पण अर्धी बातमी सोडून मला पुढे जाववेना. फेडर, म्हणजे माईकचा आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, खाली घेतला, वाकून पान उचललं, फेडर वर. नऊ सेकंद गेले. निवृत्त होईपर्यंत स्टुडिओच्या दाराशी उभी राहून पानं मोजत आले.

संकलक, टेपच्या काळापासून
माझी शांतता मीच कापली होती. आमची टेप सेकंदाला साडेसात इंच धावायची. स्पूल हातानं मागेपुढे फिरवून शब्दाची सुरुवात शोधायची, मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरका छेद द्यायचा. सरळ कापलं तर जोडावर ‘टक’ वाजतं.

एका आजींची मुलाखत होती. गेलेल्या मुलाचं नाव घेण्याआधी त्या थांबल्या होत्या. कार्यक्रम वेळेत बसत नव्हता, म्हणून तेवढी पट्टी काढली. जोड सफाईदार झाला, पण ऐकलं तर आजी बाजाराची यादी सांगावी तसं मुलाचं नाव सांगत होत्या. मला फार लाज वाटली. टोपलीतल्या कातरणांत निम्मी रात्र ती पट्टी शोधली. एकेक तुकडा टेप-हेडवरून हातानं ओढून ऐकायचा. शांततेच्या तुकड्यात ऐकणार काय? शेवटी एका टोकाला त्यांचा श्वास सापडला. पट्टी परत जोडली आणि माझंच सुरुवातीचं निवेदन कापलं. संकलन मी त्या रात्री शिकलो असं मानतो.

ट्रान्समीटर अभियंता
मध्यमलहरी, रात्रपाळी. स्टुडिओकडून आवाज तुटला तरी तो वाहून नेणारी रेडिओलहर, म्हणजे वाहक लहर, चालूच असते, त्यामुळे श्रोत्याला खरखर नाही, नुसती पोकळी ऐकू येते. मीटरचा काटा खाली पडला की पोटात गोळा यायचा. दिवसा लहरी शोषून घेणारा आयनावरणातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागातला) खालचा थर रात्री विरतो आणि प्रक्षेपण फार दूरवर पोचतं. म्हणजे रात्रीची शांतता जास्त लोक ऐकतात. दरवेळी तेच मनात यायचं.

निवेदिका
संकलकदादा, आजींची ती पट्टी केवढी होती हो?

संकलक
तीस इंच. चार सेकंद.